पाच बोटं आणि एक मोजपट्टी

समतेचा विषय निघाला की कुणीतरी हात वर करून पंजा पसरतो. "हाताची पाचही बोटं सारखी नसतात." बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर वाद मिटल्याचं समाधान असतं. गेल्या काही आठवड्यांत हा पंजा मला फार वेळा पाहावा लागला. निमित्त एका यशस्वी माणसाच्या भाषणाचं. सगळे समान असतात ही मुलांना सांगायची गोष्ट आहे, जग कर्तृत्वावर चालतं आणि ज्याच्या हातून काही घडलं नाही त्याच्या जगण्याला अर्थ नाही, असा त्या भाषणाचा सूर. त्यावर तुटून पडलेल्यांनी दुसरं टोक गाठलं: बुद्धी, प्रतिभा हे सगळं थोतांड, संधी मिळाली तर कुणीही काहीही होऊ शकतो. मग नेहमीप्रमाणे तिसरा गट आला आणि "यश मिळालं तरी माणसानं नम्र असावं" असं सांगून दोघांना गप्प करायला लागला. तिघंही चुकताहेत असं मला वाटतं, आणि गंमत म्हणजे तिघांची चूक एकच आहे.

तिघांनीही समता हा मोजमापाचा निकाल मानला आहे. पहिला म्हणतो, मोजून पाहा, माणसं समान भरत नाहीत. दुसरा म्हणतो, नीट मोजा, भरतील. तिसरा म्हणतो, मोजा, पण आकडा मोठ्यानं सांगू नका, बरं दिसत नाही. माझं म्हणणं असं की समता मोजून सिद्ध होत नाही आणि मोजून खोडताही येत नाही. कुठलंही मोजमाप कुठवर चालू द्यायचं, या प्रश्नाला माणसांनी दिलेलं ते उत्तर आहे. शर्यतीत कोण पुढे आलं हे शर्यतीपुरतं खरं. त्याच यादीवरून पाणी आधी कुणाला द्यायचं हे कुणी ठरवू लागला, तर तिथे त्याचा हात धरावा लागतो.

आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, आणि वादात ते बेमालूम बदलले जातात. 'सारखं' आणि 'समान'. जुळी भावंडं सारखी दिसतात; वारसाहक्कात भावंडं समान असतात, मग त्यातला एक इंजिनिअर असो नाहीतर आयुष्यभर घरी बसलेला असो. पंजावाला म्हणतो की माणसं सारखी नाहीत, आणि आपण होकारार्थी मान हलवेपर्यंत त्यातून माणसं समान नाहीत हा निष्कर्ष काढून मोकळा होतो. बरं, बोटांचंच घ्या. त्यात श्रेष्ठ कोणतं? लांबी पाहिली तर मधलं. पकड पाहिली तर अंगठा, जो लांबीत पार मागे पडतो. मोजपट्टी बदलली की क्रम बदलतो, आणि मोजपट्टी कोणती घ्यायची हे बोटं ठरवत नाहीत. (कुठलंही बोट कापलं तरी दुखतं सारखंच, हे यावरचं ठरलेलं उत्तर. टाळ्या मिळतात त्याला. पण दुखणं समान म्हणून हक्क समान असं म्हटलं, की मग ज्याला कमी दुखतं त्याचं काय, असा पुढचा प्रश्न येतोच.)

आता विरोधकांच्या बाजूचं जे खरं आहे ते मोकळेपणानं मान्य करायला हवं, कारण समतेची बाजू घेणारे बहुतेक जण इथेच कच खातात. माणसामाणसांत कुवतीचा फरक असतो आणि तो काही बाबतींत प्रचंड असतो. माझ्या मेंदूची शस्त्रक्रिया व्हायची असेल तर मला सर्वांत कुशल हात हवा आहे. चिठ्ठ्या टाकून निवडलेला नको. फरक आहे म्हणणाऱ्याला माणुसकीचा शत्रू ठरवणं हा बौद्धिक आळस आहे, आणि त्याची किंमत देशांनी मोजलेली आहे. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, 1966 साली, विद्यापीठांची प्रवेश परीक्षा बंद झाली. परीक्षेमुळे वर्गभेद टिकतो, हे कारण. ती पुन्हा सुरू झाली 1977 मध्ये. अकरा वर्षांत पिढीच्या पिढी वाया गेली आणि उच्चनीचता काही गेली नाही. परीक्षेऐवजी घराण्याची 'पार्श्वभूमी' आणि पक्षातल्या ओळखी मोजल्या जाऊ लागल्या. सारखेपणा लादायला गेलं की असं होतं. दुसरा मुद्दाही मान्य. कर्तृत्वाची कदर ही जन्मावर ठरणाऱ्या मानापेक्षा कितीतरी न्याय्य आहे, आणि ज्यांना पिढ्यानपिढ्या दारं बंद होती त्यांना 'गुणवत्ता पाहा' ही मागणी शस्त्रासारखी वापरता आली. ते शस्त्र कुणाच्या हातून काढून घेण्याची माझी इच्छा नाही.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. गुणांवरून शल्यविशारद निवडावा हे ठीक. गुणांवरून रुग्ण निवडावा का?

हा प्रश्न हवेतला नाही. 1960 साली अमेरिकेत सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरांनी हातातल्या रक्तवाहिन्यांना कायमची नळी जोडायची युक्ती शोधली, आणि निकामी मूत्रपिंडाच्या रुग्णाचं रक्त पुन्हा पुन्हा शुद्ध करत राहणं पहिल्यांदाच शक्य झालं. तोवर हे दुखणं म्हणजे काही आठवड्यांचा हिशेब. पण यंत्रं मोजकी, रुग्ण पुष्कळ. मग गावातल्या सात जणांची एक समिती नेमली गेली. वकील, धर्मोपदेशक, बँकवाला, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार नेता आणि एक शल्यविशारद. नावं गुप्त. डॉक्टर वैद्यकीय चाळणी लावत. त्यातून उरलेल्यांपैकी कुणी जगायचं हे समिती ठरवत असे. 1962 मध्ये एका अमेरिकी साप्ताहिकानं तिचं कामकाज छापलं तेव्हा लोक हादरले. समिती काय पाहत होती? वय, लग्न झालंय का, पोरंबाळं किती, उत्पन्न, मालमत्ता, शिक्षण, नोकरी कसली, स्वभाव स्थिर आहे का, आजवर काय केलं, पुढे काय करेल. चर्चला जाणारा, मुलांची स्काउट पथकं चालवणारा माणूस झुकतं माप घेऊन बसायचा.

ही सात माणसं दुष्ट नव्हती हे मुद्दाम सांगतो. त्यांना पगार नव्हता, झोप उडालेली होती, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर याहून बरं काही केलं असतं याची मला खात्री नाही. पण त्यांच्या यादीत कोण बसत होतं ते पाहा: त्यांच्यासारखीच माणसं. घरसंसार असलेली, हिशेब चोख असलेली, कुणाला त्रास न देणारी. एकटा राहणारा, विचित्र वागणारा, नोकरी सोडून भलत्याच नादाला लागलेला माणूस त्यात पहिल्या फेरीतच गळणार. आणि जगातले किती शोध, किती विचार, किती कला अशा नादिष्टांच्या हातून झाल्या आहेत हे गुणवत्तेचा झेंडा मिरवणाऱ्यांनीच आठवावं. आयुष्याची किंमत करायला बसलेली समिती शेवटी स्वतःची सावली मोजते. तिथला तोडगा कसा निघाला? अधिक चांगली मोजपट्टी सापडली म्हणून नाही. 1972 साली तिथल्या कायदेमंडळानं जवळजवळ प्रत्येक मूत्रपिंडरुग्णाच्या उपचाराचा खर्च सरकारी विम्यातून द्यायचं ठरवलं, आणि मोजायची गरजच संपवली.

या मुद्द्याचा सर्वांत नेटका युक्तिवाद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली केला होता, लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या आणि संयोजकांनी परिषदच रद्द केल्यामुळे कधी न झालेल्या भाषणात. माणसं समान नसतात हे विरोधकांचं म्हणणं त्यांनी आधीच मान्य करून टाकलं. समता ही कल्पनाही असेल, पण तोच कारभाराचा नियम ठेवावा लागेल, असं ते म्हणाले. कारण? माणसाचं बळ तीन गोष्टींतून येतं: शरीराचा वारसा, समाजाकडून मिळालेला वारसा आणि स्वतःची धडपड. पहिल्या दोन्हींवरून माणसांना कमीजास्त वागवलं तर ज्यांची सुरुवातच पुढून झाली तेच जिंकणार, आणि मग ती निवड कर्तबगारांची राहत नाही, सुदैवी लोकांची होते. शिवाय, राज्य चालवणाऱ्याला हजारो माणसं तोलून प्रत्येकाला त्याच्या वकुबाप्रमाणे वागवायला ना वेळ असतो ना तेवढी बुद्धी. हा दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात भाबडेपणा औषधालाही नाही. सगळी माणसं थोर आहेत असं तो म्हणतच नाही. तोलणाऱ्याची ऐपत नाही, एवढंच म्हणतो. समता आणि नम्रता यांचं नातं नेमकं इथे आहे. समता मानणं म्हणजे दुसऱ्याला उंच करणं असं आपण समजतो. त्यात मुळात स्वतःच्या तराजूविषयीचा संशय असतो.

समतेचे चाहते यावर एक सोपा मार्ग काढतात, आणि तो मला धोक्याचा वाटतो. 'प्रत्येक काम उपयोगाचंच असतं' असं ते म्हणतात. 2020 साली जग बंद पडलं तेव्हा हे खूप ऐकलं: बघा, साफसफाई करणारे, सामान पोचवणारे, परिचारिका, यांच्यावाचून आपलं चालत नाही. खरंच आहे. 1968 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात कचरा उचलणारे दोन कामगार पावसापासून आडोसा म्हणून गाडीत शिरले आणि कचरा दाबणाऱ्या यंत्रात चिरडून मेले. त्यानंतर सुमारे 1,300 कामगारांनी संप केला. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्यासाठी तिथे गेले आणि म्हणाले की कचरा उचलणाऱ्याचं मोल डॉक्टरइतकंच आहे, कारण त्यानं काम थांबवलं तर रोगराई माजेल. भाषण उत्तम. पण कामगारांनी गळ्यात अडकवलेल्या फलकांवर याहून खोल काही होतं. चार इंग्रजी शब्द, अर्थ एवढाच: मी माणूस आहे. मी उपयोगाचा आहे, असं त्यांनी लिहिलं नव्हतं.

फरक शब्दांचा वाटेल. तो जीवघेणा असू शकतो. उपयोगावर माणसाचं मोल ठरवायचं तर निरुपयोगी ठरलेल्याचं काय करायचं, हा प्रश्न विसाव्या शतकात एका सुशिक्षित देशानं विचारला आणि उत्तरही दिलं. नाझी जर्मनीत 1939 पासून मनोरुग्ण, मतिमंद, अपंग माणसांच्या नोंदी मागवल्या जात. त्यात विचारलेलं असे की हा रुग्ण काम काय करतो. डॉक्टर कागद पाहून खूण करत, रुग्ण न पाहता. ऑगस्ट 1941 पर्यंत त्या यंत्रणेच्याच हिशेबानं 70,273 माणसं विषारी वायूनं मारली गेली. त्याच महिन्याच्या 3 तारखेला म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन प्रवचनाला उभे राहिले आणि त्यांनी ऐकणाऱ्यांना अगदी घरगुती प्रश्न केला: उत्पादन न करणाऱ्याला मारायचं असेल, तर आपण म्हातारे झाल्यावर आपलं काय? आघाडीवरून अपंग होऊन परतणाऱ्या सैनिकाचं काय? त्यानंतर तीन आठवड्यांनी तो कार्यक्रम कागदोपत्री थांबला. मारणं मात्र आडून चालूच राहिलं. 'इतक्या टोकाला कशाला जाता, आम्ही फक्त कर्तृत्वाचं कौतुक करतोय,' असं पंजावाले म्हणतील. कौतुक कराच. पण 'ज्याच्या हातून काही घडलं नाही त्याच्या जगण्याला अर्थ नाही' हे वाक्य कौतुकाचं नाही. ते त्या छापील कागदातल्या प्रश्नाचं सौम्य रूप आहे.

आता नम्रतेकडे वळतो, कारण तिसऱ्या गटाशी माझं भांडण जुनं आहे. नम्रता हा गुण इतिहासात कुणाकडून मागितला गेला? 'आपली पायरी ओळखून राहा' हे कधी वरच्या पायरीवरच्याला ऐकवलं गेलं आहे का? नोकरानं, सुनेनं, शिष्यानं, कर्जदारानं नम्र असायचं. मालक नम्र असला तर ते त्याचं मोठेपण, म्हणजे पुन्हा त्याच्याच खात्यावर जमा. ज्यांना पिढ्यानपिढ्या वाकायला लावलं त्यांना आज कुणी विनयाचे धडे दिले आणि त्यांनी ते धुडकावले, तर मी धुडकावणाऱ्यांच्या बाजूनं आहे. मान खाली घालणं म्हणजे नम्रता नव्हे. आणि सत्काराला उत्तर देताना 'मी तर निमित्तमात्र' म्हणणं हा तर बहुतेक वेळा आणखी थोडं कौतुक मागण्याचा रीतसर अर्ज असतो.

मग नम्रता कशाला म्हणायचं? व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात 1840 च्या दशकात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात बाळंतरोगानं कितीतरी जास्त बायका मरत. हे शहरातल्या गरीब बायकांना ठाऊक होतं. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या हातापाया पडत. काही जणी तिथे जाण्यापेक्षा रस्त्यात बाळंत झालेल्या बऱ्या म्हणत. त्यांचं म्हणणं हे अडाण्यांची भीती म्हणून सोडून दिलं गेलं. 1847 मध्ये इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरानं शोधलं की शवविच्छेदन करून तसेच आलेले डॉक्टरांचे हातच मरण पोचवत होते. क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले, आणि एप्रिलमध्ये शंभरात अठरा असलेले मृत्यू जूनमध्ये दोनच्या आसपास आले. तरीही मोठमोठ्या डॉक्टरांना ते पटेना. त्यात शास्त्रीय शंका होत्या, सेमेलवाइसनं आपलं म्हणणं नीट मांडलंही नाही, हे खरं. पण 'आपले हात' हा मुद्दा गिळणं जड गेलं हेही तेवढंच खरं. मला यात सेमेलवाइसपेक्षा त्या बायका महत्त्वाच्या वाटतात. कुठल्याही कसोटीवर त्या प्राध्यापकांच्या बरोबरीच्या नव्हत्या. नेमकी गोष्ट मात्र त्यांना दिसत होती. त्यांचं ऐकून घेण्याइतकी नम्रता कुणाकडे असती तर किती जणी वाचल्या असत्या?

आणखी एक गोष्ट, जी आठवली की मला हसू येतं. फ्रान्सिस गाल्टन हा माणसांची प्रतवारी लावण्याचा भोक्ता. सुप्रजननशास्त्राला 1883 मध्ये नाव दिलं ते यानंच. श्रेष्ठ माणसांची पैदास वाढवावी हा त्याचा ध्यास. 1906 साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या पशुप्रदर्शनात बैलाचं वजन ओळखायची स्पर्धा होती. जाणकार खाटीक आणि शेतकरी होते तसे सोमेगोमेही होते. गाल्टननं वाचता येण्याजोगी 787 तिकिटं गोळा केली. जमावाचा मधला अंदाज निघाला 1,207 पौंड. कापून साफ केलेल्या बैलाचं वजन भरलं 1,198. एक टक्क्याहूनही कमी चूक. सामान्य जमावावर ज्याचा फारसा विश्वास नव्हता त्याच्याच हातून हे व्हावं! पण गाल्टनचं एक मानायला हवं: त्यानं आकडा लपवला नाही. लोकांच्या निर्णयावर अपेक्षेपेक्षा जास्त भरवसा ठेवता येईल असं त्यानं छापून टाकलं. आपल्या मताविरुद्ध गेलेला आकडा छापणं, याला मी नम्रता म्हणतो. बाकी आयुष्यात तो कसा होता तो भाग वेगळा.

शेवटचा आक्षेप उरतो आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. सगळेच समान, तर धडपडायचं कशाला? अर्थ यायचा कुठून? यावर माझ्याकडे सिद्धांत नाही, एक प्रसंग आहे. माझे एक काका हिशेब खात्यात मोठ्या पदावर होते. त्यांच्या सहीशिवाय कागद हलत नसे, आणि हे ते स्वतः ऐकवत. शेवटची तीन वर्षं त्यांची स्मृती गेली. मुलांची नावं गेली, बायको गेल्याचं गेलं, सही राहिली. त्यांना सांभाळायला एक बाई येत. एकदा सकाळी गेलो तर त्या वर्तमानपत्राच्या कडेच्या कोऱ्या पट्ट्या कात्रीनं सारख्या कापत होत्या. वीसेक झाल्यावर त्यांनी त्या काकांपुढे ठेवल्या. "साहेब, सह्या राहिल्यात." काकांनी चष्मा नीट केला, प्रत्येक पट्टी उलटसुलट पाहिली, आणि खाली बारीक तारखेसकट सही करत गेले. एक पट्टी त्यांनी परत सरकवली. मला ते पाहवेना. बाहेर येऊन मी बाईंना जरा तोडूनच म्हणालो, की ते मोठे अधिकारी होते, त्यांची अशी चेष्टा करू नका.

त्या काही बोलल्या नाहीत. आतून त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. त्यात महिन्या-महिन्याच्या पट्ट्या, रबर लावून. "काल कुठं ठेवल्या ते विचारतात कधी कधी," त्या म्हणाल्या. "आणि सह्या झाल्याशिवाय जेवत नाहीत. काम राहिलंय म्हणतात." मग परत सरकवलेली पट्टी त्यांनी माझ्यापुढे धरली. तिची एक कड वाकडी कापली गेली होती. त्यांनी कात्री घेतली आणि ती सरळ केली.